तांबडीचा आवाज

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, भाड्याचं तर नावही काढलं नाही. ओसरीवर उपड्या घमेल्यावर बसून ते कसलंसं दातेरी चाक रॉकेलमध्ये धूत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, झोप कशी हाय तुमची? हलकी का जड?"

मी म्हटलं, "हलकी."

"मग अवघड हाय," असं म्हणून ते पुन्हा चाक धुवायला लागले.

तेवढ्यात आतून त्यांची बायको, म्हणजे पुढे माझ्या काकी, बाहेर आली. "अवं, शाळेची नवी बाई हाय ती. गावात दुसरी खोली न्हाई. पोरीनं काय देवळात ऱ्हायाचं व्हय?" आणि मग माझ्याकडे वळून, "तू ये गं बिनधास्त. कानात घालायला कापूस मी देते."

कापूस पहिल्याच सकाळी लागला. उजाडताना खिडकीखाली असा काही धडधडाट सुरू झाला की मी अंथरुणात उठून बसले आणि आईला हाक मारली. आई नगरला होती. मी बाहेर येऊन पाहिलं, तर अंगणात कमरेएवढा उंच, तांबडा, बुटका ट्रॅक्टर जागच्या जागी थरथरत होता, आणि आमचे घरमालक कानांत डॉक्टरांची नळी घालून तिचं दुसरं टोक इंजिनाच्या पोटाला लावून डोळे मिटून उभे होते.

गाव काष्टीपासून दोन-तीन मैलांवर. हायस्कूल नुकतंच निघालेलं, मीही नुकतीच बी.एड. होऊन आलेली. घरमालकांना सगळा गाव डॉक्टर म्हणायचा. ते डॉक्टर नव्हते. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि रिटायर झाले होते. आयुष्यभर त्यांनी बैलांच्या घशात औषधं ओतली, अडलेल्या गाई सोडवल्या, काष्टीच्या बाजारात म्हशींचे दात बघितले. रिटायर झाल्यावर म्हणाले, बास झालं, आणि ट्रॅक्टर धरले.

ट्रॅक्टर म्हणजे आज दिसतात तसले धिप्पाड नव्हेत. इंग्रजांच्या काळात नगरच्या कुठल्या कुठल्या साहेबांनी बंगल्याच्या बागेतलं गवत कापायला, वाफे उकरायला हे बुटके ट्रॅक्टर आणले होते. साहेब गेले, बागा सुकल्या, ट्रॅक्टर भंगारात पडले. डॉक्टरांनी तिथून तीन उचलून आणले. एकीचं नाव तांबडी, एकीचं भुरी, आणि तिसरी कधीच चालू झाली नाही म्हणून ती मुकी. तिन्ही बाया. मी एकदा चुकून "तो ट्रॅक्टर" म्हटलं तर डॉक्टर दुखावले.

"बाई, गाईला कुनी तो म्हनतं का?"

त्यांची सगळी भाषा गोठ्यातलीच होती. इंजिन गरम झालं की "ताप आलाय", धूर काळा आला की "पोट बिघडलंय", पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर घ्यायचं म्हणजे "दूध तोडायचं". ऑइल द्यायला बैलाला टोचायची जाडजूड पिचकारी. गावातली माणसं अजूनही आजारी बैल घेऊन दारात यायची, आणि डॉक्टर एका हाताने बैलाचा कान चाचपत दुसऱ्या हाताने पाना फिरवत असायचे. एकदा मी विचारलं, "एवढं जनावरांचं तुम्हाला कळतं, मग या लोखंडाच्या नादी का लागलात?"

ते म्हणाले, "जनावर कुठं दुखतंय ते सांगत न्हाई बाई. उभ्या जन्मात एकानं सांगितलं न्हाई. ही सांगते. आयकाया फकस्त कान पायजेल."

कान मात्र होते, बाप रे! तांबडीच्या मागच्या, गिअरच्या पेटीतून, ती वळताना, एक आवाज येतो असं त्यांचं म्हणणं होतं. खट. मग थोडं थांबून, खट. मला तो कधी ऐकू आला नाही. काकींना नाही, शेजाऱ्यांना नाही. या एका आवाजापायी डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांनी तांबडीची मागची पेटी उघडायचे, सगळी चाकं पोत्यावर मांडायचे, धुवायचे, परत बसवायचे. आवाज जागेवरच.

हे वेड मला एकदा चांगलंच भोवलं. दिवाळीच्या सुट्टीला निघाले होते. डॉक्टर म्हणाले, एसटीपर्यंत सोडतो. मला तांबडीमागच्या ट्रॉलीत बसवलं, मांडीवर माझी बॅग, आणि आमची वरात निघाली. वाटेतल्या वळणावर डॉक्टरांची मान ताठ झाली. ते उतरले. मी म्हटलं, "काय झालं?" तर ओठांवर बोट. मग माझा धुतलेला टॉवेल मागून घेतला, रस्त्यावर अंथरला आणि पेटी उघडून एकेक चाक त्यावर मांडायला लागले. समोरून एसटी धुरळा उडवत निघून गेली.

"अहो डॉक्टर, गाडी गेली!"

"गाडी उद्या परत यील बाई," ते पेटीत डोकं घालूनच म्हणाले. "आवाज आत्ताच आलाय."

त्या टॉवेलचं पुढे पोतेरं झालं. सुट्टीवरून परतल्यावर मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

खरं सांगायचं तर डॉक्टरांनी कुठलीच वस्तू कधी पुरी केली नाही. भुरी छान चालायची, तर तिला आणखी एक गिअर पाहिजे म्हणून तिचं पोट फाडलं. विहिरीवर रहाट ओढायला मुकीचं इंजिन बसवणार होते, त्याची नुसती चौकट वर्षभर उभी होती आणि तिच्यावर काकी पापड वाळवायच्या. काकी म्हणायच्या, "आमच्या घरात सगळं व्हतंय, फकस्त झालं असं काई न्हाई."

आता काकींचं सांगते. डॉक्टर नोकरीत असताना वाटणीला आलेलं रान काकींनीच केलं. ओढ्यापलीकडे काळ्या मातीचा एक तुकडा, त्यात रब्बीची ज्वारी. डॉक्टरांना ज्वारी ताटात आल्यावर ओळखू यायची, एवढीच. पेरणीला धाकट्या दिरांचे बैल यायचे आणि पाभरीमागे चाडं धरायच्या त्या स्वतः काकी. पाभरीच्या फणांमागे ते लाकडी, वाटीसारखं चाडं असतं, त्यात मुठीमुठीने बी सोडत दिवसभर चालायचं. काकींच्या मुठीतून बी सारखं पडतं असं सगळा गाव म्हणायचा, आणि काकींना ते म्हटलेलं फार आवडायचं.

मग दुष्काळ आला. त्या वर्षांत पेरलंच नाही कुणी. निम्मे बैल बाजारात गेले, माणसं खडी फोडायला गेली. आणि दुष्काळ सरता सरता काकी जुन्या कडब्याच्या गंजीवरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. नगरला प्लॅस्टर झालं, हाड जुळलं, पण गुडघा कायमचा ताठ राहिला. घरात त्या काठी टेकत फिरायच्या. ढेकळांच्या रानात पाऊल टाकणं आता होणार नव्हतं.

त्याच वर्षी पाऊस झाला. चांगला झाला. दोन वर्षं उपाशी असलेलं रान पाणी पिऊन फुगलं, आणि एका दुपारी डॉक्टरांचे धाकटे बंधू आले. माणूस वाईट नव्हता. चहा बशीत ओतत गोड आवाजात म्हणाले, "वैनी, आता तुमी निवांत घरी बसा. तुमचं रान मी करतो वाट्यानं. निम्मी जवारी दारात आनून टाकीन."

डॉक्टर म्हणाले, "बरं हुईल की." त्यांचं लक्ष पोत्यावर मांडलेल्या चाकांत होतं. तांबडी त्या दिवशीही उघडी होती.

दीर गेल्यावर भांडी आपटल्याचे आवाज आले, म्हणून मी आत गेले. त्या चुलीपुढे बसून रडत होत्या. काकींना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, हाड मोडलं तेव्हाही नाही.

"एकदा भाऊजींचं औत फिरलं की ते रान माझं न्हाई ऱ्हायाचं," त्या म्हणाल्या. "जवारी यील गं घरात, भाऊजी खोटं न्हाई बोलायचे. पन मी कुठं आसंल? हितं. ह्या चुलीम्होरं. मरस्तवर."

दिरांना त्यांनी निरोप धाडला, यंदा आमचं आम्ही बघतो. कशाच्या जोरावर, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काळ्या रानात पाऊस झाला की लगेच पेरता येत नाही. चिखल होतो. तो ओसरून माती हाताला मऊ लागते पण चिकटत नाही, तो वाफसा. चार-दोन दिवस टिकतो. तेवढ्यात पेरलं तर पेरलं, नंतर रान दगडासारखं होतं. वाफसा आला की नाही हे काकी पायांनी ओळखायच्या. आता पाय नव्हता, म्हणून त्या डॉक्टरांना रोज सकाळी रानातलं ढेकूळ आणायला पाठवू लागल्या. डॉक्टर जायचे, ढेकूळ आणायचे, काकी ते दाबून, फोडून, हुंगून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून न्हाई."

एका सकाळी त्यांनी ढेकूळ हातात घेतलं आणि डॉक्टरांकडे बघितलं.

"हे कुठलं आनलंत?"

"रानातलं."

"हे बांधावरचं हाय. लिंबाच्या बुडातलं. माझ्या रानातली माती अशी भुसभुस सुटत न्हाई. खरं सांगा."

डॉक्टरांनी आधी पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "आत चिखल लई हुता. पायतान रुतत हुतं. म्हनून कडंचं…"

"पायतान!" काकी ओरडल्या आणि ते ढेकूळ त्यांनी सरळ फेकून मारलं. ते बसलं पोत्यावर. धुऊन पुसून मांडलेली सगळी चाकं मातीने भरली. मला हसू आलं, पण काकींचं तोंड बघून मी ते गिळलं.

"माझा वाफसा तोंडावर आलाय आनि तुमी पायतान जपताय! आजवर एक तरी काम संपवलंत का वो तुमी? मला न्हेऊन घाला रानात. पाठीवर न्या, न्हाईतर ह्या तुमच्या तांबडीवर न्या. पेरलं न्हाई तर वरीसभर काय हे लोखंड शिजवून वाढू?"

डॉक्टर पोत्यावरची माती बोटाने बाजूला सारत होते. सारता सारताच म्हणाले, "तुझा पाय वाकत न्हाई. क्लच कशानं दाबशील?"

"ते तुमी बघा. डॉक्टर म्हनत्यात ना तुमाला?"

त्यांनी बघितलं. तसं काम करताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. काकींना घमेल्यावर बसवून सुतळीने त्यांच्या पायाचं माप घेतलं, ताठ पाय पुढे ठेवायला फळी बसवली, तिच्यावर गोधडीची घडी शिवली. माप घेताना गुडघ्याला हात लागला तर काकी कळवळल्या.

"दुखतंय का?"

"व्हय. मी काई तुमचं जनावर न्हाई, सांगते. दुखतंय."

डॉक्टरांनी हात तिथेच ठेवला. म्हणाले, "आधी सांगायचं न्हाई का?"

काकी म्हणाल्या, "आधी कवा इचारलंत?"

मी ओसरीच्या टोकाला वह्या तपासत होते. खाली मान घालून मी तपासतच राहिले.

काष्टीतल्या वेल्डिंगवाल्याकडून चाकांवर लोखंडी पट्ट्या बसवून आणल्या, मातीत चाक घसरू नये म्हणून. पाभर मागे जोडायला दांडी झाली. राहिला क्लच. तो हाताने ओढायला लांब, मजबूत दांडा हवा होता. डॉक्टर आत गेले आणि जुन्या पेटीतून एक भला मोठा दुहेरी दांड्यांचा लोखंडी चिमटा घेऊन आले. मी भाबडेपणाने विचारलं, "हे कशाचं हो?" डॉक्टर खोकले. काकी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या ते थांबेचनात. बैल खच्ची करायचा चिमटा होता तो. तालुक्यातल्या निम्म्या बैलांना त्याची ओळख होती.

मागची पेटी बंद करायची वेळ आली तेव्हा डॉक्टर हातात नट घेऊन बराच वेळ बसून राहिले. दारात काकी उभ्या होत्या. "अजून येकदा बघतो गं. आवाज गावला तर…" काकी दारातून हलल्या नाहीत. डॉक्टरांनी झाकण लावलं.

वाफसा आला त्या दिवशी रविवार होता, म्हणून मीही रानात गेले. निम्मा गाव जमला होता. काकींनी पाभरीला आणि तांबडीला हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी तांबडीच्या कपाळावर नारळ फोडायला निघालं तर डॉक्टर धावले. "पत्र्यावर नगं! दगडावर फोडा!" चाड्यावर शेजारची एक बाई होती, ओटीत बी घेऊन.

धाकटे बंधू पुढे आले. "दादा, बाईमानसानं औत हाकायचं? आपल्यात हुतं का आसं कवा? लोक काय म्हनतील?"

बाकीचे पुरुषही माना हलवायला लागले होते. डॉक्टर काही उत्तर देणार तोवर एका म्हाताऱ्याचं लक्ष त्या दांड्याकडे गेलं. तो वाकून बघत म्हणाला, "डॉक्टर, ह्यो त्योच का?"

"त्योच. तुझ्या सर्ज्याला लावला हुता."

म्हातारा दोन पावलं मागे सरला, त्याच्यामागचेही सरले. तेवढ्यात काकींनी तो चिमटा दाबला, सोडला, आणि तांबडी निघाली. दिरांचा प्रश्न तिथेच राहिला.

पहिली ओळ वाकडी गेली. दुसरी जरा बरी. तिसऱ्या ओळीला काकी मान मागे वळवून चाडंवालीला शिव्या द्यायला लागल्या, "मूठ सैल सोड गं भवाने, लगीन हाय का अक्षता टाकायला!" तेव्हा मला कळलं की आता सगळं ठीक आहे.

आणि पलीकडच्या बांधाशी तांबडी वळली तशी डॉक्टरांची मान ताठ झाली.

ते पळत सुटले. गळ्यात नळी, हातात पाना, पायातल्या वहाणा ढेकळांत कुठल्या कुठे गेल्या. "थांब! अगं थांब!"

"काय झालं?" काकी इंजिनापेक्षा मोठ्याने ओरडल्या.

"आवाज आला! मागच्या पेटीत! दात जाईल येखादा!"

काकींचा हात दांड्यावर होता. दाबला असता तर तांबडी थांबली असती, पेटी उघडली असती, चाकं पोत्यावर आली असती आणि वाफसा गेला असता. हे डॉक्टरांनाही कळत होतं. आणि दात खरंच गेला असता तर पेरणी तिथेच अडली असती, हे काकींनाही कळत होतं.

"जाईल तवा जाईल," काकी म्हणाल्या. "वाजू द्या. सरा बाजूला."

डॉक्टर सरले. अनवाणी चालत येऊन माझ्याशेजारी बांधावर बसले आणि पाना त्यांनी मांडीखाली दाबून धरला. दिवसभर ते तसेच बसले होते. तांबडी वळली की डोळे मिटायचे, सरळ झाली की उघडायचे. मी भाकरी पुढे केली तर नको म्हणाले. एकदा मात्र पुटपुटले, "सारखी पेरतीय बघा. ओळ सरळ हाय." दिवस कलला तेव्हा शेवटची ओळ झाली. दात गेला नाही. काकींनी तांबडी बंद केली आणि उतरता येईना म्हणून तिथेच बसून राहिल्या. डॉक्टरांनी जाऊन त्यांना उचलून खाली घेतलं, सगळ्या गावादेखत. दोघांनाही लाज वाटली नाही.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं. बऱ्याच वर्षांनी नगरला माहेरी आले होते, तेव्हा वाट वाकडी करून गावाला गेले. अंगण तसंच होतं. भुरीचं पोट फाडलेलंच. मुकीच्या चौकटीवर पापड. डॉक्टर ओसरीवर बसले होते, पाठीत वाकलेले. मी दोनदा हाक मारली तरी त्यांनी बघितलं नाही. जवळ जाऊन हाताला धरलं तेव्हा ओळखलं.

"कान गेलं बाई," ते हसून म्हणाले. "समदं गेलं म्हना."

मी मोठ्याने विचारलं, "काकी कुठायत?"

"रानात. तांबडी घेऊन गेलीय. यायची येळ झालीय."

"अजून चालतेय? त्या आवाजाचं काय झालं? सापडला का?"

"न्हाई बा. त्या पेरनीपासून तिची पेटी खोललीच न्हाई मी." आणि मग जरा ओशाळून म्हणाले, "म्हंजे खोलनार हुतो. पर मग रोज सांजच्याला ओढ्याच्या वळनावर ती खट वाजायची. की मला कळायचं, ही आली. मग म्या च्या ठेवायचा. आता खोलून नीट केली तर कळायचं कसं?"

ते उठून अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले, ओढ्याकडे तोंड करून. ज्या माणसाला जगातला कुठलाही आवाज ऐकू यायचा, तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आता नीट येत न्हाई वो आयकाया. तुमी आयकता का, बाई?"

मी ऐकलं. इंजिनाचा धडधडाट लांबून येत होता. तो वळणापाशी आला, आणि त्यातून स्वच्छ, वेगळं, खट. जरा थांबून, पुन्हा खट. इतकी वर्षं मी म्हणत होते की असला काही आवाजच नाही.

"आली," मी त्यांच्या कानाशी ओरडले.

डॉक्टर चहा ठेवायला आत गेले.